जुनी पेट्रोल गाडी सुरू होईना, मिसिंग करते, मधेच बंद पडते: पार्ट बदलायच्या आधी काय काय तपासायचं

ज्यांच्याकडे अजून मारुती ८००, झेन, एस्टीम, जुनी वॅगनआर नाहीतर सॅन्ट्रो आहे आणि ती लाख-दीड लाख किलोमीटर पळालीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या गाड्या अजून छान चालतात, फक्त बिघाड शोधताना घाई होते. गाडी सुरू होईना की आधी प्लग बदलले जातात, मग कॉईल, मग पंप, मग कोणीतरी म्हणतं ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, तोपर्यंत दहा-पंधरा हजार गेलेले असतात आणि मूळ दोष निघतो एखाद्या गंजलेल्या अर्थच्या वायरीत. जुन्या गाडीत महागडा पार्ट अचानक जाण्यापेक्षा जोडणी सैल होणं, रबर तडकणं, वायरचं आवरण कडक होऊन चिरणं हे कितीतरी जास्त होतं. म्हणून फुकटात तपासता येतं ते आधी, पैसे लागतात ते नंतर.

हत्यारं फार लागत नाहीत. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर, प्लगचा पाना, दहा-बारा नंबरचे पाने, सँडपेपर, आणि १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. एवढ्यावर निम्म्याहून जास्त बिघाड घरच्या पार्किंगमध्ये सापडतात.

पहिलं काम म्हणजे चावी फिरवल्यावर नक्की काय होतं ते नीट बघा आणि ऐका. "गाडी स्टार्ट होत नाही" यातून काहीच कळत नाही. सेल्फच (स्टार्टर मोटर) फिरत नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, पेटून लगेच बंद पडतं, की चालू राहतं पण मिसिंग करतं (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि झटके बसतात), या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघांची कारणं वेगळी आहेत.

सेल्फच फिरत नाही

हेडलाइट लावा आणि मग चावी फिरवा. लाइट एकदम मंद झाले आणि टक-टक-टक आवाज आला तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या. लाइट जसेच्या तसे राहिले आणि काहीच आवाज नाही, तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाहीये. एकच मोठा "टक" येऊन गप्प, तर बहुतेक सेल्फचे कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइड.

बॅटरी मल्टिमीटरने मोजा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा मग पुढचं बोला. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीत दम नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, १२.५ वरच अडकलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि तुम्ही नवी बॅटरी टाकली तरी ती दोन दिवसांत बसणार.

आता अर्थिंग. जुन्या गाडीत ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाड पट्टी किंवा वायर जाते, तिच्या नटाखाली गंज चढतो, वरून बघायला सगळं ठीक दिसतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या सॅन्ट्रोला नवी बॅटरी बसली, सेल्फ रिपेअर झाला, तरी सकाळी सेल्फ रडतच फिरायचा, शेवटी गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या वायरीचा नट काढला तर खाली हिरवी-पांढरी पावडर. सँडपेपरने घासून परत आवळली आणि गाडी ठीक झाली. तपासायला सोपं आहे: मीटरचा एक पॉइंट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर चालेल, त्याच्या बरंच वर गेलं तर अर्थ खराब. मीटर नसेल तर जंपर केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावा, सेल्फ झटक्यात फिरला की उत्तर मिळालं.

हे सगळं ठीक असेल तर सेल्फच्या बारीक वायरीवर टेस्ट लॅम्प लावा. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर पार्कमध्ये, मॅन्युअल असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि चावी फिरवायला दुसरा माणूस. लॅम्प लागला आणि सेल्फ गप्प, तर दोष सेल्फमध्ये. त्याच्या बॉडीला पान्याने हलकेच ठोकून फिरला तर ब्रश संपलेत, घरी जाऊन पोचा आणि सेल्फ उतरवून घ्या. लॅम्प लागलाच नाही तर दोष अलीकडे: फ्यूज, रिले, मधली वायर किंवा इग्निशन स्विच.

इग्निशन स्विचबद्दल थोडं जास्त सांगतो कारण यात लोक फार फिरतात. चावी जिथे घालता तो लॉक वेगळा आणि त्याच्या मागे बसलेला इलेक्ट्रिकल स्विच वेगळा. वीस वर्षं रोज फिरून आतले कॉन्टॅक्ट जळतात, जड किचेन लटकत असेल तर अजून लवकर. दोन खुणा लक्षात ठेवा. सेल्फ फिरताना इंजिन पेटतं पण चावी सोडली की त्याच क्षणी बंद पडतं, म्हणजे "ऑन" चा कॉन्टॅक्ट गेला असण्याची शक्यता मोठी. उलट सेल्फ कितीही फिरवा पेटत नाही आणि चावी सोडता सोडता पेटतं, म्हणजे "स्टार्ट" मध्ये असताना इग्निशनचा करंट तुटतोय. चालत्या गाडीत चावी हलवली की डॅशबोर्डचे दिवे मिचकावतात, तेही हेच. फक्त मागचा स्विच बदलून भागतं, अख्खा लॉकसेट बदलायची गरज नसते, आणि चावीत चिप असलेल्या गाडीत तर लॉक बदलायच्या भानगडीत उगाच पडूच नका. चावी फिरतच नसेल तर आधी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत फिरवून बघा, स्टिअरिंग लॉक ताणात अडकलेला असतो.

धक्का मारून सेकंड गिअरमध्ये सुरू करायची सवय कार्ब्युरेटरच्या गाड्यांना चालायची. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंप आणि ईसीएमलाच करंट नाही, कितीही ढकला. जंपर लावा: आधी दोन्ही पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीवर नाही, कारण तिथे ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून गॅस निघत असतो.

सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी हव्यात: ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन, आणि तिन्ही वेळेवर. आधी कान वापरा. सेल्फ नेहमीपेक्षा मोकळा, एकसारखा घुर्रर्र करत फिरतोय, नेहमीचे दाबाचे हेलकावे नाहीत, तर सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा, टाइमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट आणि पर्यायाने व्हॉल्व्ह चालवणारा पट्टा) तुटलेला असू शकतो. वर सांगितलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत बेल्टच आहे, चेन नाही, आणि काही इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला ठिणगी वाटणारा डबा) गाडी असेल आणि तो कॅमशाफ्टवरून फिरत असेल तर कॅप उघडा आणि कोणालातरी जरासा सेल्फ मारू द्या. आतला रोटर हलला नाही म्हणजे बेल्ट गेला. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदलायची वेळ झाली असंच समजा.

मग ठिणगी. एक प्लग काढा, परत त्याच्या वायरीत घाला, प्लगची धातूची बाजू इंजिनला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, नाहीतर भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारी ठिणगी. हाताने वायर धरू नका, कॉईल २०,००० व्होल्टच्या वर देते, इन्सुलेशनची पक्कड वापरा. ठिणगी निळसर-पांढरी आणि चटचट वाजणारी हवी. पिवळट, केविलवाणी असेल तर कॉईल, वायर, कॅप, रोटर यांच्यापैकी काहीतरी. एकाच प्लगला नसेल तर त्याची वायर किंवा कॅपमधला कॉन्टॅक्ट, एकालाही नसेल तर कॉईलला करंट येतोय का बघा आणि येत असेल तर क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर (इंजिन कुठे फिरलंय ते ईसीएमला सांगणारे) किंवा डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप. आरपीएमचा काटा असलेल्या बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना काटा थोडा उचलतो. तो शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

प्लग हातात आहेच तर नीट वाचा. विटकरी-करड्या रंगाचा, कोरडा: ठीक. काळी कोरडी काजळी: पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला: ठिणगीच नाही. ऑइलने ओला काळा: इंजिन ऑइल खातंय. अगदी पांढरा पडलेला: मिश्रणात पेट्रोल कमी किंवा जास्त तापतंय. गॅप गाडीनुसार ०.७ पासून १.१ मिलिमीटरपर्यंत असते, मॅन्युअलमधला आकडाच धरा. वायरी काढण्याआधी चिकटपट्टी लावून नंबर टाका, ८०० ला तीन सिलिंडर आणि क्रम १-३-२, झेन, एस्टीम, सॅन्ट्रोला १-३-४-२. अदलाबदल झाली की गाडी भलतंच वागते.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. खिडक्या बंद, एसीचा ब्लोअर बंद, चावी ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक "झूंऽऽ" यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले. बऱ्याच गाड्यांत त्याच नंबरचा दुसरा रिले हॉर्नसाठी असतो, अदलाबदल करून बघा, खर्च शून्य. तरी नाही, तर पंपाच्या प्लगवर चावी ऑन करताना करंट येतो का बघा. करंट येतोय आणि पंप गप्प, तर पंप गेला. आवाज येतो पण गाडी सकाळी खूप सेल्फ मारल्यावरच पेटते असं असेल तर चावी तीनदा ऑन-ऑफ करून मग स्टार्ट करा. लगेच पेटली तर रात्रीतून लाइनचं प्रेशर उतरतंय, पंपाचा वनवे व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. कार्ब्युरेटरच्या ८०० ला इंजिनवरच मेकॅनिकल पंप असतो, त्याचा पडदा फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, ऑइल बदलल्याशिवाय तर अजिबातच नाही.

खूप सेल्फ मारून पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे इंजिन ओव्हरफ्लो झालंय. इंजेक्शनच्या गाडीत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, बहुतेक ईसीएम तेव्हा पेट्रोल बंद करतात आणि आतलं सुकतं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मधे अर्धा-एक मिनिट थांबा.

मिसिंग, झटके, पिकअप नाही

कोणता सिलिंडर काम करत नाही ते आधी शोधा. पूर्वी चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर उपटून बघायचे. इंजेक्शनच्या गाडीत तसं करू नका, कॉईल आणि ईसीएमवर ताण येतो. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा. काढल्यावर इंजिनचा आवाज खाली आला तर तो सिलिंडर चालू होता, काहीच फरक पडला नाही तर तोच आजारी. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये टाका. मिसिंग तिकडे गेलं तर प्लग, नाही गेलं तर वायर बदलून बघा, मग कॉईल. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या की कोणती गुन्हेगार होती ते कळतच नाही.

मिसिंग करत असताना गाडी आठवडाभर तशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून आतून वितळतो आणि मग चोक होतो. चोक झालेल्या गाडीला चढावर पिकअपच राहत नाही आणि शंभर-दोनशेच्या प्लगवरून खर्च हजारांत जातो.

पावसाळ्यात, खासकरून कोकणात आणि घाटमाथ्यावर, मिसिंगचं कारण बहुतेक वेळा एचटी वायरी (प्लगला जाणाऱ्या जाड वायरी). रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा, वायरींवर नुसत्या पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, हात आणि कपडे लांब ठेवा. कुठे निळ्या रेषा उड्या मारताना दिसल्या की तिथून वीज गळतेय. कॅपच्या आत काळी केसासारखी रेघ दिसली तर कॅप बदला, घासून काही होत नाही. आणि उंदीर. पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचा हा खरा शत्रू, इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात आणि गाडी एकाएकी वेड्यासारखी वागायला लागते. रात्रीत अचानक बिघडलेल्या गाडीत आधी वायरिंग डोळ्यांनी बघा, बॅटरीखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यातसुद्धा.

आयडलिंग वर-खाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह साफ करा, मग व्हॅक्यूमचे पाइप. ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत ओढणारा व्हॉल्व्ह) रबरी पाइप मुळाशी तडकतो, वरून दिसत नाही. इंजिन चालू असताना एकेक पाइप बोटांनी चिमटून बघा, आवाज सुधारला की भोक तिथे. कार्ब क्लीनर गरम इंजिनवर फवारून शोधायची पद्धत मला पसंत नाही, आग लागू शकते, साबणाचं पाणी पुरतं.

थंडीत सुरू व्हायला त्रास, अॅव्हरेज पडलंय, काळा धूर, तर कूलंट टेंपरेचर सेन्सर मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशाला दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास येतात. स्वस्त पार्ट आहे आणि तो चुकीचं सांगायला लागला की ईसीएम गरम इंजिनला थंड समजून पेट्रोल ओतत राहतो.

गरम झाल्यावर बंद पडते, वीस मिनिटांनी परत सुरू होते

कशेडी नाहीतर खंबाटकी चढताना बंद, टोइंगवाला येईपर्यंत सुरू, गॅरेजमध्ये एकदम ठणठणीत. अशा बिघाडात क्रँक सेन्सर, कॉईल किंवा इग्निशन मॉड्यूल, आणि रिलेच्या आतले तडकलेले सोल्डर हे नेहमीचे संशयित. बंद पडल्याक्षणीच तपासलं तर सापडतो, थंड झाल्यावर नाही. म्हणून डिकीत टेस्ट लॅम्प आणि एक जुना प्लग ठेवा, बंद पडली की गाडी बाजूला घेऊन तिथेच ठिणगी आहे का बघा, पंपाचा आवाज येतो का बघा. ठिणगी नाही तर सेन्सरवर किंवा कॉईलवर ओला फडका ठेवा (कनेक्टरवर नाही), ज्याच्यावर ठेवल्यावर सुरू झाली तो दोषी. तापमानाचा काटाच वर गेला असेल तर गोष्ट वेगळी: फॅन, थर्मोस्टॅट, कूलंटची गळती. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, अंगावर उकळतं पाणी येतं.

सीएनजी आणि आजचं पेट्रोल

सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर गुळगुळीत चालणारी गाडी सीएनजीवर मिसिंग करत असेल तर आधी प्लग आणि वायरी, किटचं ट्यूनिंग नंतर. उलट बाजू म्हणजे काही जण टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने सीएनजीवरच पळवतात, पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो, तो कोरडा तापून मरतो. पाव टाकी तरी ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुना साठलेला गाळ सोडवतं, तो फिल्टरमध्ये अडकतो, आणि जुने रबरी पाइप, सील लवकर फुगतात किंवा तडकतात. ते पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट रिकामी ठेवू नका. फ्युएल फिल्टर बदला आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप हाताने दाबून बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर ते काम आजच करा, उद्यावर नाही.

इंजिनच थकलंय का

हे सगळं करून एक सिलिंडर मेलेलाच असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. दीडशे ते एकशे ऐंशी पीएसआय आले तर छान, पण खरा मुद्दा फरकाचा, एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, हे तुलनेत छोटं काम. रेस केल्यावर सतत निळा, तर रिंगा. पांढरा धूर थांबतच नाही आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट.

२०१० नंतरच्या बीएस-४ गाडीत स्कॅनर लावून बघा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०० म्हणजे कोणत्याही, पी०३३५ क्रँक सेन्सर. पण कोड म्हणजे दोषी पार्ट नव्हे, तिथे बघायला सुरुवात करा एवढंच तो सांगतो, कित्येकदा सेन्सर चांगला असतो आणि त्याचं कनेक्टर गंजलेलं असतं. त्याहून जुन्या गाडीला पीयूसीची पावती वाचा: एचसी (हायड्रोकार्बन) फार वाढलेलं असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे ठिणगीकडे बघा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे.

गॅरेजला न्यायचीच वेळ आली तर मेस्त्रींना "बघा जरा" न म्हणता कागदावर लिहून द्या: थंड असताना की गरम, पेट्रोलवर की सीएनजीवर, पावसात की कायम, बॅटरीचे आकडे किती, ठिणगी होती का, पंपाचा आवाज होता का, आणि काय काय आधीच बदललंय. चांगला मेस्त्री यावर खूश होतो. आणि काढलेला जुना पार्ट परत मागा. तो चालू असेल तर डिकीत राहू द्या, विशेषतः कॉईल आणि क्रँक सेन्सर, कारण या गाड्यांचे चांगले पार्ट आता प्रत्येक गावात मिळतातच असं नाही.